मीटर म्हणालं पंचेचाळीस

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणाची तक्रार नको. दुकानदारानं डाळ दिली की मी मूठभर तळहातावर घेऊन खडे पाहतो. एसटीवर ब्रह्मपुरीची पाटी असली तरी कंडक्टरला विचारल्याशिवाय पायरीवर पाय ठेवत नाही. बायको म्हणते, तुमच्या डोक्यात किडा आहे. असेल, पण तो मी घरून आणलेला नाही, नोकरीत लागला. आमच्या ओळखीच्या एका मास्तरांनी दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून गळ घातली, तेव्हा त्यांना वाटलं असावं की मी वाघ-अस्वलांबद्दल लिहीन. इतकी वर्षं जंगलातून गाडी चालवली, वाघ पाहिलेच. पण मला त्यांच्यापेक्षा जास्त त्रास पाण्याच्या टाकीच्या मीटरनं दिला, म्हणून मी मीटरवर लिहिणार. वाघ पाहिजे असणाऱ्यांनी खुशाल पान उलटावं.

मी एका फिरत्या दवाखान्याच्या बसवर ड्रायव्हर आणि मेकॅनिक होतो. संस्था गडचिरोलीची, नाव सांगत नाही. बसमध्ये पडद्यामागे तपासणीचं टेबल, हात धुवायला बेसिन आणि मागच्या टोकाला एक संडास. बाया तपासायला येत, लघवी तपासावी लागे, म्हणून संडास हवाच. आता नळ आणि संडास असला की पाणी येणार कुठून आणि जाणार कुठे? तर बसच्या पोटाखाली दोन टाक्या. एक साफ पाण्याची, एक घाण पाण्याची. साफ टाकी आम्ही निघताना भरायची आणि घाण टाकी परत आल्यावर मुक्कामाच्या आवारातल्या खड्ड्यात रिकामी करायची. रस्त्यात, रानात, नाल्यात एक थेंब सोडायचा नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम होता. लोकांच्या गावात औषध घेऊन जायचं आणि घाण ठेवून यायचं, असं झालं असतं तर दुसऱ्यांदा कोणी गावात घेतलं नसतं.

टाक्या खाली, कोणाला दिसत नाहीत. म्हणून दाराजवळ एक पट्टी, तिच्यावर प्रत्येक टाकीचे चार-चार दिवे. टाकीच्या भिंतीत खालून वर चार स्क्रू बसवलेले असतात. पाणी ज्या स्क्रूपर्यंत पोचतं तिथपर्यंत करंट वाहतो आणि तितके दिवे लागतात. कागदावर इतकं सोपं. पण साफ टाकीत शेवाळ धरतं, घाण टाकीत साबणाचा मळ आणि कागद भिंतीला चिकटतो, आणि त्या ओल्या थरातूनच करंट वाहायला लागतो. टाकी कोरडी ठणठणीत आणि दिवे चारही चालू. गाडी हलत असली की आकडा वेगळा, थांबली की वेगळा.

पहिला दणका मला चिमूर तालुक्यातल्या एका गावात बसला. डॉक्टर मॅडमचे हात कोपरापर्यंत साबणानं माखलेले, टेबलावर बाई झोपलेली, बाहेर बायांची ही लांब रांग, आणि नळातून नुसतं फुस्स. दिवे चारही झगझगीत. मॅडमनी पडद्याआडून मला जी हाक मारली ती मी अजून विसरलो नाही. मी पाना शोधायला धावलो. तेवढ्यात आमच्या मदतनीस यमुनाबाई मडावी हातपंपावरून दोन गुंड, म्हणजे पितळी घागरी, भरून घेऊन आल्या आणि मॅडमच्या हातावर पाणी ओतायलाही लागल्या.

या यमुनाबाई पुढे महत्त्वाच्या आहेत, म्हणून थोडं सांगतो. माहेर-सासर दोन्ही जंगलातल्या गावचं, गोंड. बसची साफसफाई, बायांना टेबलावर चढवणं-उतरवणं, गोंडीतलं मराठीत आणि मराठीतलं गोंडीत करणं, आणि परत आल्यावर घाण टाकी रिकामी करणं, ही सगळी कामं त्यांची. बोलणं कमी. टाकीत किती पाणी आहे ते त्या खाली वाकून बोटाच्या पेरानं ठोकून सांगत. टकटक करत वर जायच्या, आवाज बदलला की म्हणायच्या, इथवर हाये. मी हसायचो. पण त्या दिवसानंतर मीही ठोकून पाहायला लागलो.

आणि मग मी नियम केले. बस आधी सपाट जागेवर लावायची. सपाट आहे का ते डोळ्यानं ठरवायचं नाही, जेवायच्या ताटलीत पाणी घालून बसच्या फरशीवर ठेवायचं. एका बाजूला पाणी सरकलं की चाकाखाली फळी. मग दहा मिनिटं थांबायचं. मग दिवे पाहायचे, आणि दिव्यांवर विश्वास न ठेवता साफ टाकीत काडी घालून पाहायची, घाण टाकी ठोकून पाहायची. लोक मला ताटलीवाले भाऊ म्हणायला लागले. मला राग यायचा नाही, खरं सांगायचं तर आवडायचंच.

माझी ख्याती ताडोब्यापर्यंत गेली ती एका जावयामुळे. नागपूरचं एक कुटुंब घरासारखी गाडी घेऊन वाघ पाहायला आलं होतं. आत पलंग, गॅस, न्हाणी, सगळं. नवरा, बायको आणि बायकोची आई. पेट्रोल पंपावरच्या ओळखीच्या माणसानं मला फोन केला, इथं एक साहेब अडून बसलेत. गेलो. साहेबांचं म्हणणं, घाण टाकीचं मीटर सारखं फुल्ल दाखवतं, म्हणून त्यांनी तीन दिवसांपासून गाडीतली आंघोळ बंद केली होती. संडासालाही परवानगी काढून जायचं. टाकी रिकामी करून आणली तरी मीटर खाली येत नाही म्हणताना त्यांचा संशय सासूबाईंवर. त्या लपून आंघोळ करतात म्हणे! सासूबाई बिचाऱ्या झाडाखाली खुर्चीवर घामानं निथळत बसलेल्या. मी टाकी ठोकली. तळापासून वरपर्यंत पोकळ. आत असेल तर दोन बादल्या. मी टाकीत चार बादल्या पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचं अख्खं पाकीट टाकायला लावलं, आणि साहेबांना म्हटलं, आता जंगलातल्या कच्च्या रस्त्यानं तासभर गाडी आदळत न्या, मग नेमून दिलेल्या जागी रिकामी करा. खड्ड्यांनी आतून टाकी घासली आणि मीटर शून्यावर आलं. सासूबाईंनी मला हात जोडले आणि मग जावयाकडे जे पाहिलं, ते पाहून मी चहाला थांबलो नाही.

अशी दोन-चार प्रकरणं झाली आणि मी फुगलो. आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

जुने स्क्रूवाले मीटर काढून टाकायचं मी ठरवलं. नागपुरात एका दुकानात नवीन पट्ट्या मिळाल्या. त्या टाकीला बाहेरून चिकटवायच्या. आत काही नाही, म्हणजे मळ बसायचा प्रश्न नाही. प्लास्टिकच्या भिंतीतूनच पट्टी पाण्याचा अंदाज घेते आणि दिव्यांऐवजी सरळ आकडा दाखवते, शंभरपैकी किती. मी दोन दिवस बसखाली पाठीवर झोपून ते बसवलं. पट्टी लावली टाकीच्या मागच्या भिंतीला, कारण तिथं हात पोचत होता. आकडा लागला तेव्हा मला पोरगा पास झाल्यासारखा आनंद झाला. ऑफिसात सगळ्यांना बोलावून दाखवलं. आता ताटली नको, ठोकाठोकी नको, हे मीटर खोटं बोलूच शकत नाही, असं मीच सगळ्यांना सांगितलं. यमुनाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी सवयीनं टाकी ठोकली. मी म्हटलं, राहू द्या आता ते जुनं.

त्या उन्हाळ्यात गडचिरोलीच्या आतल्या एका गावात दोन दिवसांचं शिबिर होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ते यमुनाबाईंचं माहेर. म्हातारी आई तिथंच. दुसऱ्या दिवशी गावात पंडुम होता, म्हणजे नवीन फळ तोंडात घालायच्या आधी देवाला द्यायची पूजा. यमुनाबाई कधी नव्हे ते खुशीत होत्या.

बस आम्ही नाल्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर लावली, शेपूट नाल्याकडे. दिवसभर बाया आल्या. संध्याकाळी घाण टाकीचा आकडा ऐंशी. मी सगळ्यांसमोर म्हटलं, पंच्याण्णव झाले की संडास बंद करीन, म्हणजे उद्या सकाळीच निघावं लागेल. यमुनाबाईंचा चेहरा पडला. मी तो पाहून ठेवला. तेवढ्यात गावचे पाटील आले आणि म्हणाले, बस देवाच्या वाटेवर उभी आहे, सकाळी याच वाटेनं देव नाल्यावर नेतात, जरा बाजूला घ्या. मी बस वळवून पलीकडच्या कडेला लावली. आता तोंड नाल्याकडे, शेपूट चढाकडे. झोपायला गेलो.

सकाळी पाटील पुन्हा आले. चाकाजवळ उकिडवे बसले, तब्येत विचारली, ऊन किती आहे ते बोलले. मग हळूच विचारलं, गाडीतलं घाण पाणी कुठी जाते भाऊ? मी नियम सांगितला. ते म्हणाले, त्यांच्या सुनेनं पहाटे आमच्या बाईला बादली घेऊन झिऱ्यापाशी पाहिलं, आणि झिऱ्याच्या पाण्याला वास येऊन राह्यला. झिरा म्हणजे नाल्याच्या रेतीत खणलेला खड्डा. त्यात पाणी झिरपतं, आणि उन्हाळ्यात निम्मं गाव तेच पितं.

मी आत जाऊन आकडा पाहिला. पंचेचाळीस.

रात्रीतून टाकी कमी झाली म्हणजे कोणीतरी व्हॉल्व उघडला. व्हॉल्वला कुलूप, चाव्या दोन, एक माझ्याकडे आणि एक यमुनाबाईंकडे. त्यांना पंडुमला थांबायचं होतं. टाकी भरली असती तर निघावं लागलं असतं. मला सगळं जुळत गेलं. यमुनाबाई तेवढ्यात आल्या, केस ओले, हातात रिकामी बादली. आणि मी, पाटलांसमोर, जमलेल्या चार-पाच बायांसमोर, त्यांना विचारलं की व्हॉल्व काऊन उघडला.

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, पूजेआधीची आंघोळ केली आणि आईला पाणी नेऊन दिलं. व्हॉल्वला हात लावला नाही. त्या खाली वाकल्या, टाकी ठोकली, म्हणाल्या, पाणी कालच्याइतकंच आहे, आणि व्हॉल्वच्या झाकणावर रस्त्याची माती तशीच आहे, वाकून पाहा. मी वाकलो नाही. मी म्हटलं, मीटर खोटं बोलत नाही.

त्या सरळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, इतके साल तुमी सगळ्या मीटरांवर शक घेतला. आज मीटरवर नाई, माह्यावर घेऊन राह्यले."

माझ्या मनात आलं, चोर असाच बोलतो. हे लिहिताना मला लाज वाटते, पण आलं होतं हे खरं आहे.

बाया आपसात गोंडीत बोलत निघून गेल्या. दहा वाजता ढोल वाजत देव नाल्यावर गेला. यमुनाबाई बसमध्येच बसून होत्या. डॉक्टर मॅडमनी विचारलं, तुम्ही नाही गेलात? त्या म्हणाल्या, येऊ नको म्हणून निरोप आला. आपल्या माहेरच्या पाण्यात घाण सोडणाऱ्या बाईला पूजेत कोण घेईल? मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी पाना पुसत राहिलो. दुपारी पाटलांची माणसं झिऱ्यावर काटेरी फांद्या टाकून तो बंद करताना मी पाहिली.

त्याच दिवशी ऊन उतरायच्या आत आम्ही मुक्कामाला परतलो. आवारात सिमेंटची सपाट फरशी आहे, तिथं बस लावली. खड्ड्यात पाणी सोडण्याआधी सवयीनं आकडा पाहिला. पासष्ट.

मी दोनदा डोळे चोळले. सकाळपासून गावातलं कोणी बसमध्ये चढलं नव्हतं, संडास वापरला नव्हता. टाकी रस्त्यात आपोआप भरत नाही. मी बसखाली शिरलो. व्हॉल्वच्या झाकणावर मातीचा थर सुकून कडक झालेला, मधे साधा ओरखडासुद्धा नाही. मग मी ताटली आणली, पाणी घातलं, फरशीवर ठेवली. पाणी जागच्या जागी. आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. पहिल्या दिवशी शेपूट उताराला, पाणी मागे सरकलेलं, मागच्या भिंतीवरची पट्टी म्हणाली ऐंशी. मीच बस वळवली, तोंड उताराला गेलं, पाणी पुढे पळालं, पट्टी म्हणाली पंचेचाळीस. पाणी होतं तेवढंच होतं. इतकी वर्षं जगाला ताटली शिकवणारा मी, स्वतः लावलेल्या मीटरपुढे ताटली ठेवायला विसरलो नव्हतो. मला ती ठेवायची गरजच वाटली नव्हती.

माझ्याच सांगण्यावरून ऑफिसनं तोवर यमुनाबाईंना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं होतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं लिहून दिलं, चूक माझी, पट्टी मी लावली, बस मी वळवली. ऑफिसनं त्यांना परत बोलावलं. मी त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात मोहफुलं वाळवत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, माझं चुकलं, ऑफिसला लेखी दिलं आहे. मला वाटलं, मोठं मन दाखवलं.

त्या फुलं पसरवत राहिल्या. म्हणाल्या, "ऑफिसाले सांगतलं, बरं केलं. पन बोलले कुठी होते?"

मी म्हटलं, त्या गावचं पुढचं शिबिर महिन्यानं आहे, तेव्हा नक्की सांगतो.

"महिनाभर माह्या मायनं पानी कुठून आनाव भाऊ? झिरा बुजवला. तिकडच्या हातपंपाले जाते ते, दीड कोस, डोक्यावर गुंड घेऊन. सत्तरीची बाई हाये."

ती म्हातारी मी पाहिली होती, कंबरेत वाकलेली. मी गाडीत बसून आलो की माझा चहा मॅडमच्या टेबलावर तयार असायचा, आणि तिला माझ्या एका वाक्यानं दीड कोस चालायला लावलं होतं. मी मॅडमकडे गेलो आणि बस मागितली. मॅडम म्हणाल्या, मी पण येते.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या गावात गेलो. माझ्या डोक्यात सगळा बेत होता. मी बस आधी शेपूट नाल्याकडे करून लावली, पाटलांना आणि बायांना बोलावून आकडा दाखवला. मग बस वळवली, पुन्हा आकडा दाखवला. ताटलीतलं पाणी दाखवलं. पाणी कसं सरकतं, पट्टीला कसं वाटतं, घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. यमुनाबाई गोंडीत सांगत होत्या, माझीच चूक माझ्याच शब्दांत, एकही शब्द वाढवला नाही. त्यांची आई दाराशी बसून ऐकत होती.

सगळं झाल्यावर पाटील म्हणाले, "आमाले मशीन नाई समजत. तवा तुमी म्हटलं म्हनून मानलं. आता बी तुमीच म्हनून राह्यले."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग त्यांनी नाल्याकडे हात केला आणि सांगितलं, एवढा भरवसा असेल तर पाणी पिऊन दाखवा.

झिऱ्यावरचे काटे यमुनाबाईंनी स्वतः उचलले. हात ओरबाडले, तरी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. कुजलेला पाला बाहेर निघाला. पाणी कमी झालं की रेतीखालचा पाला कुजून असा वास येतोच, हे पाटलांच्या सुनेनंच आता सांगितलं. बाजूला हातभर नवीन खड्डा खणला, गढूळ पाणी दोनदा उपसून टाकलं, आणि साफ पाणी वर यायची आम्ही सगळे वाट पाहत बसलो. मी जंगलात उकळल्याशिवाय पाणी पीत नाही, हे मॅडमना माहीत होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी गुडघ्यावर बसलो, ओंजळ भरली आणि प्यायलो. एक नाही, तीन ओंजळी. पाणी गार होतं, थोडी रेती दाताखाली आली. माझ्यामागून यमुनाबाई प्यायल्या. मग पाटलांच्या सुनेनं गुंड पाण्यात बुडवला आणि तो यमुनाबाईंच्या आईच्या दारात नेऊन ठेवला.

निघताना पाटील यमुनाबाईंजवळ आले आणि गोंडीत बराच वेळ काहीतरी बोलले. यमुनाबाई मान खाली घालून ऐकत होत्या, नंतर पदरानं तोंड पुसलं. मला एक अक्षर कळलं नाही. त्यांनी माझं नाव घेतल्यासारखं मला दोनदा वाटलं, आणि किडा वळवळायला लागला.

बस डांबरी रस्त्याला लागली तेव्हा मी न राहवून विचारलं, पाटील काय म्हणाले?

यमुनाबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"ते आमच्यातलं हाये भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमाले नाई सांगाचं."

त्यानंतर आम्ही एकाच बसवर सहा वर्षं काम केलं. त्या चांगल्या बोलत, घरून आणलेली भाकर पुढे करत, घरच्या लग्नालाही बोलावलं. पण ते काय बोलणं होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.